युद्धात ‘मेलेल्या’ पणजोबांचा माग

माझ्या सासऱ्यांच्या आजोळी एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं : “आजोबा पोझिएरला गेले.” गेले म्हणजे मेले. हे आजोबा म्हणजे सासऱ्यांच्या आईचे वडील, माझ्या नवऱ्याचे पणजोबा. फ्रान्समधलं पोझिएर गाव, १९१६ साल, पहिलं महायुद्ध. पण घरात त्यांचा फोटो नाही, पदक नाही, थडग्याचा पत्ता नाही. एप्रिलमध्ये अँझॅक डेसाठी (ऑस्ट्रेलियाचा सैनिकस्मरणाचा दिवस) मुलीला शाळेतून ‘आपल्या घरातला सैनिक’ असा प्रकल्प मिळाला आणि मी शोधायला बसले. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता मुलांच्या कुर्सीनाम्याची एक बाजू कोकणात किंवा देशावर असते, तर दुसरी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून जहाजानं आलेल्या एखाद्या वसाहतकरी शेतकऱ्यापाशी पोचते. पहिल्या बाजूसाठी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात. दुसरीसाठी सरकारी दफ्तरं आहेत, आणि ती घरबसल्या उघडता येतात.

दोन वर्षांच्या खटपटीतून मला एक गोष्ट कळली. घरापासून तुटलेला माणूस शौर्याच्या यादीत शोधू नये, भांडणाच्या कागदांत शोधावा. बायको, भाऊ, गाव, सगळ्यांना सोडून तो परागंदा होतो. पगार, पेन्शन आणि कोर्टाचा बेलीफ मात्र त्याला सुटत नाहीत.

घरातली गोष्ट आधी लिहून घ्या

लिहून घ्या, पण खरी धरू नका. कोणी सांगितली, त्यांना कोणी सांगितली, हेही टिपा. सासऱ्यांना (त्यांना मी नावानंच हाक मारते, पुण्यातल्या आईला ते अजून पटलेलं नाही) मी ‘आजोबा कसे होते’ असं विचारलं तेव्हा ते गप्प बसले. ‘तुमच्या आजीचा खर्च कसा चालायचा’ असं विचारल्यावर मात्र तासभर बोलले. टाकलेल्या बाईच्या घरी पैशाची आठवण माणसाच्या आठवणीपेक्षा पक्की असते.

फोटो असेल तर गणवेश नीट बघा. खांद्याजवळच्या बाहीवर कापडी रंगीत तुकडा असतो. त्याच्या आकारावरून डिव्हिजन कळते (चौकट शंकरपाळ्यासारखी असेल तर दुसरी डिव्हिजन) आणि रंगांवरून पलटण. त्यावर पितळी ‘ए’ असेल तर माणूस गॅलिपोलीला (१९१५ ची तुर्कस्तानातली लढाई) होता. पदक असेल तर कडेवर भिंगातून बघा, तिथे सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

कुटुंबाची जमीन कुठे होती हेही विचारा. आमच्या घराण्याचा प्रवास नमुनेदार आहे : कॉर्नवॉलमधले खाणकामगार, तिथून दक्षिण ऑस्ट्रेलियातली बर्राची तांब्याची खाण (१८४५ ते १८७७), आणि पुढे व्हिक्टोरियाच्या विमेरा भागात गव्हाची शेती. व्हिक्टोरियाच्या १८६९ च्या कायद्यानं ३२० एकरांपर्यंत जमीन निवडून घेता येत असे. ती जमीन तिथल्या मूळच्या वोटजोबालुक आदिवासींची होती, हे घरच्या गोष्टीत कुठेच येत नाही. त्या जमिनीच्या फायली व्हिक्टोरियाच्या राज्य दफ्तरखान्यात आहेत आणि १८४१ ते १९२५ ची मृत्युपत्रं संगणकावर मोफत बघता येतात. पणजोबांच्या वडिलांचं मृत्युपत्र मी उघडलं. चार मुलगे, तिघांना जमीन, चौथ्याचं नावच नाही. भांडणाचं पहिलं टोक हाती आलं ते इथे.

मेला की नाही, हे आधी ठरवा

याला अर्धा तास पुरतो. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या स्मृतियादीत १ लाख ३ हजारांहून जास्त नावं आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतात. ज्याचं प्रेत सापडलं नाही त्याचंही नाव एखाद्या स्मारकाच्या भिंतीवर असतंच. म्हणून ‘युद्धात गेला’ असं सांगितलेला माणूस दोन्हीकडे नसेल तर दोनच शक्यता उरतात : तो मेला नाही, किंवा त्या नावानं लढला नाही. आमच्या बाबतीत दोन्ही खरं निघालं.

नावानं सापडत नसेल तर

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या फायली नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘बी २४५५’ या मालिकेत आहेत. सगळ्या स्कॅन केलेल्या आणि फुकट. (दुसऱ्या महायुद्धातल्या स्वयंसेवकांची मालिका ‘बी ८८३’. त्यांच्या क्रमांकात ‘एक्स’ असतो आणि त्याआधीचं अक्षर राज्य सांगतं, व्ही म्हणजे व्हिक्टोरिया.) लोक आडनाव टाकतात, फाइल सापडत नाही आणि तिथेच थांबतात. कर्जबाजारी, अल्पवयीन, आधी सैन्यातून पळालेले आणि बायको सोडून आलेले, असे कितीतरी जण खोट्या नावानं भरती झाले होते.

पण फाइलच्या शीर्षकात नावाबरोबर जन्मगाव, भरतीचं ठिकाण आणि जवळच्या नातेवाइकाचं नावही असतं. म्हणून आडनाव सोडून द्या. जन्मगाव आणि आईचं पहिलं नाव टाका. आईचं माहेरचं आडनाव, आजीचं आडनाव, पहिल्या-मधल्या नावांची अदलाबदल, सगळं करून बघा. खोटं नाव घेणारा माणूस फार लांबचं घेत नाही, कुणी हाक मारली तर मान वळायला हवी ना. राज्याची हद्दही ओलांडून बघा. विमेराहून मेलबर्नला जाणारी तीच रेल्वे दुसऱ्या दिशेला शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला जाते. पळून जाणारा माणूस ओळखीच्या दिशेनं कशाला जाईल?

तरी संशयित पाच-सहा उरतातच. मग ओळख पटवायला दुसरा कागद लागतो. इथे आमच्या कामाला आलं पोलीस गॅझेट. बायकोमुलांना सोडून गेलेल्यांची वर्णनं त्यात छापली जात : वय, उंची, बांधा, रंग, धंदा, अंगावरच्या खुणा, कुठे जाण्याचा संभव. राज्यांची ग्रंथालयं आणि वंशावळीच्या सशुल्क साइट्सवर ती मिळतात. सार्वजनिक वाचनालयांत अशा साइट्स बहुधा फुकट वापरता येतात, हे वर्गणी भरण्याआधी लक्षात ठेवा. पणजीनं १९१४ च्या शेवटी पोटगीसाठी कोर्टात धाव घेतली होती. गॅझेटातल्या वर्णनात डाव्या हातावर कडबा कापण्याच्या यंत्रानं झालेला व्रण होता. ॲडलेडला मार्च १९१५ मध्ये आईच्या माहेरच्या आडनावानं भरती झालेल्या एका ‘अविवाहित’ मजुराच्या अर्जातही डाव्या हातावर व्रण होता. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक, वय तेच, जन्मगाव तेच. एका खुणेवर कधी शिक्कामोर्तब करू नका. तीन जुळल्या तर पुढे जा.

फाइल वाचताना

फाइल उघडली की आधी शेवटच्या पानापासून वाचा. पहिली पानं सगळ्यांची सारखी असतात. माणसाचं वेगळेपण मागच्या पत्रव्यवहारात असतं.

तरी भरतीचा अर्ज सोडू नका. जन्म, वय, धंदा, लग्न झालंय का, आधीची शिक्षा, जवळचा नातेवाईक, असे प्रश्न असतात. त्यातल्या खोट्या उत्तरांखाली पुढे कुणीतरी लाल शाईनं दुरुस्ती केली आहे का बघा. अर्जातच एक कलम असे : लग्न झालेल्यानं पगाराचा किमान दोन पंचमांश भाग बायकोला, आणि मुलं असतील तर तीन पंचमांश भाग बायकोमुलांना द्यायचा. साध्या शिपायाला रोज ६ शिलिंग मिळत, त्यातला १ शिलिंग सैन्यातून मुक्त होईपर्यंत राखून ठेवत. त्या काळात हा पगार चांगला होता. त्याचे तीन पंचमांश वाचवायला पुरुष ‘अविवाहित’ लिहीत, यात नवल नाही.

मग ‘कॅज्युअल्टी फॉर्म’. नावावरून वाटतं तसं त्यात फक्त जखमा नसतात. बदल्या, आजार, शिक्षा, रजा, जहाजं, सगळं तारीखवार असतं. अक्षर कारकुनी, भरभर लिहिलेलं. मोडी शिकताना होतं तसंच होतं : पहिले तीन दिवस काही कळत नाही, चौथ्या दिवशी एकदम वाचता येतं. संक्षेप थोडेच आहेत. ‘टी.ओ.एस.’ म्हणजे पलटणीच्या पटावर घेतला, ‘एस.ओ.एस.’ म्हणजे पटावरून काढला. ‘जी.एस.डब्ल्यू.’ म्हणजे गोळीची जखम, पण तोफगोळ्याच्या तुकड्याची जखमही त्यातच येते. ‘एन.वाय.डी.’ म्हणजे रोगनिदान झालेलं नाही. ‘पी.यू.ओ.’ म्हणजे कारण न कळलेला ताप, बहुधा खंदकातल्या उवांचा. ‘आर.टी.ए.’ म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत. ‘ए.डब्ल्यू.एल.’ म्हणजे परवानगीशिवाय गैरहजर, आणि त्यापुढे किती दिवसांचा पगार कापला तो आकडा.

‘व्ही.डी.’ आणि इंग्लंडमधलं बलफर्ड किंवा इजिप्तमधलं अब्बासिया ही इस्पितळांची नावं आली तर तो गुप्तरोग. घाबरून जाऊ नका आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर लगेच टाकूही नका. या कारणानं इस्पितळात गेलेल्यांची संख्या हजारांत होती. ‘डिझर्टर’ हा शब्द दिसला तरी लगेच फाशीची कल्पना करू नका. शंभराहून जास्त ऑस्ट्रेलियन सैनिकांना देहदंड ठोठावला गेला, पण १९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार त्याला गव्हर्नर जनरलची मंजुरी लागे, आणि त्यातल्या एकालाही गोळी घातली गेली नाही.

आमचे पणजोबा २७ व्या पलटणीत होते. सप्टेंबर १९१५ मध्ये गॅलिपोली, ऑगस्ट १९१६ मध्ये पोझिएरला मांडीत जखम, इंग्लंडमध्ये इस्पितळ, लंडनमध्ये दोनदा गैरहजर, आणि १९१९ मध्ये ‘आर.टी.ए.’. म्हणजे पोझिएर खरं होतं, मरण खोटं होतं.

आता मागची पानं. १९१७ च्या सुरुवातीला पणजीचं पत्र आहे, मेलबर्नच्या बेस रेकॉर्ड्स (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या) कचेरीला. या नावानं लढणारा माणूस माझा नवरा आहे, दोन मुलं आहेत, हातात काही नाही. कचेरीनं लग्नाचा दाखला मागितला, तिनं पाठवला. मग पणजोबांचं शपथपत्र : खरं नाव अमुक, या नावानं सेवेत. त्यानंतर तीन पंचमांश पगार तिच्याकडे सुरू झाला आणि १९१९ मध्ये ते सैन्यातून मुक्त झाल्यावर थांबला.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मुलांना पोझिएरची गोष्ट सांगितली ती तिनं, विचारपूर्वक. ‘नवऱ्यानं टाकलेली’ म्हणून गावात राहण्यापेक्षा विधवा म्हणून मान होता. सासरे ते पत्र दोनदा वाचून उठून अंगणात गेले.

पलटणीची रोजनिशी

फाइलमध्ये माणूस कुठे होता ते असतं, तिथे काय चाललं होतं ते नसतं. वॉर मेमोरियलच्या ‘एडब्ल्यूएम ४’ मालिकेत पलटणींच्या रोजनिशा आहेत. जखमेच्या तारखेचं पान आणि आधीचे चार दिवस वाचा, बास. सगळी वाचायला गेलात तर महिने जातील आणि तुमचा माणूस त्यात नावानं भेटणार नाही. साध्या शिपायाचं नाव रोजनिशीत क्वचित येतं. बेपत्ता किंवा मृत सैनिकांसाठी मात्र रेड क्रॉसच्या चौकशीच्या सुमारे ३२ हजार फायली आहेत. त्यांत सोबत्यांचे जबाब असतात, तुमचा माणूस मेला असेल तर आधी त्या बघा.

परतल्यानंतरची पन्नास वर्षं

बहुतेक शोध १९१९ ला येऊन संपतात. पण परागंदा माणसाचं खरं आयुष्य तिथून पुढे असतं.

आधी नाव ठरवा. आम्ही वर्षभर त्यांना खऱ्या नावानं शोधत बसलो, ती चूक. युद्धाचं बक्षीस (परदेशी गेलेल्याला सेवेच्या प्रत्येक दिवसाला दीड शिलिंग), पेन्शन, इस्पितळ, जमीन, हे सगळं ज्या नावानं सेवा केली त्या नावाला चिकटलेलं होतं. तात्पुरतं घेतलेलं नाव अशानं कायमचं होतं.

मतदारयाद्या हा कणा. १९११ नंतर नाव नोंदवणं सक्तीचं झालं, त्यामुळे दर काही वर्षांनी पत्ता आणि धंदा मिळतो. एका तक्त्यात साल, पत्ता, धंदा, त्याच पत्त्यावरची इतर माणसं, असे रकाने करा. त्याच पत्त्यावर त्याच आडनावाची बाई दिसू लागली की पेन खाली ठेवून चहा करा. मला ती १९२८ च्या यादीत दिसली, क्वीन्सलंडमध्ये.

जमिनीची फाइल त्यानंतर. परत आलेल्या सुमारे ३७ हजार सैनिकांना सरकारनं शेतीसाठी जमिनी दिल्या. पुष्कळांची शेती बुडाली, कारण तुकडे लहान, कर्ज मोठं आणि माणसं थकलेली. फाइलमध्ये अर्ज, निरीक्षकाचे शेरे, हप्ते थकल्याची पत्रं असतात. ती राज्यांच्या दफ्तरखान्यांत असतात, कॅनबेराला नाही. पणजोबांनी ब्रिस्बेनच्या उत्तरेला बीअरबरमच्या सैनिक वसाहतीत अननस लावले होते. ती वसाहत दशकभरात मोडली. तिथून ते ऊसतोडीला गेले.

पुनर्वसन खात्याच्या, म्हणजे ‘रिपॅट’च्या, वैद्यकीय फायली नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. सगळ्या स्कॅन झालेल्या नाहीत, काहींची आधी तपासणी होते, त्यामुळे अर्ज करून महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं. म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करून टाका. त्यात डॉक्टरांपुढे माणूस जे बोलला ते असतं : झोप, दारू, घरचं कोण.

ट्रोव्ह हे राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ तुम्हाला माहीत असेलच. तिथली वर्तमानपत्रं बहुतांशी १९५४ पर्यंतची आहेत. नावापेक्षा गाव आणि धंदा टाकून शोधा आणि कोर्टाच्या बातम्या बघा. ‘हॉर्शम टाइम्स’मध्ये पणजीच्या पोटगीचा निकाल मला चार ओळींत मिळाला. संगणकानं वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, त्यामुळे आडनाव दोन-तीन चुकीच्या वर्तनींनीही टाका.

जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले राज्यवार मिळतात आणि त्यांना पैसे पडतात. सगळ्यात आधी मृत्यूचा घ्या. ऑस्ट्रेलियन मृत्युदाखल्यात आईवडील, लग्नं, मुलं अशी भरगच्च माहिती असते. पण ती देणाऱ्याला जेवढं ठाऊक तेवढीच. कोणी दिली तो रकाना आधी वाचा. दुसऱ्या लग्नाच्या दाखल्यात नवरा ‘ब्रह्मचारी’ किंवा बायको ‘विधवा’ असेल तर घटस्फोटाची फाइल शोधा. सापडली नाही तर तो काय प्रकार होता ते तुम्हाला कळेलच.

आणि फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट : १९६७ मध्ये सरकारनं गॅलिपोलीला लढलेल्यांसाठी एक स्मृतिपदक काढलं. हयात सैनिकानं किंवा त्याच्या वारसानं अर्ज करायचा. हे अर्ज किंवा त्यांची नोंद अनेकदा त्या जुन्या ‘बी २४५५’ फायलीतच लावलेली असते. आमच्या फाइलचं शेवटचं पान तेच. क्वीन्सलंडचा पत्ता, वय ७६, आणि १९१५ च्या अर्जावरचीच सही, फक्त थरथरलेली. त्या वर्षी त्यांची मुलगी, सासऱ्यांची आई, ५५ वर्षांची होती आणि दर अँझॅक डेला वडिलांच्या नावानं फुलं वाहत होती.

धागा भारतात येत असेल तर

येतोही. एप्रिल १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैमानिकांची पहिली तुकडी मेलबर्नहून मेसोपोटेमियाला निघाली ती मुंबईमार्गे. १९१६ पासून पाचशेहून जास्त ऑस्ट्रेलियन परिचारिका भारतात होत्या, मुंबई, पुणे, देवळालीच्या लष्करी इस्पितळांत. काही ऑस्ट्रेलियन सैनिक हिंदी लष्करात अधिकारी म्हणून गेले. त्यांचे कागद ऑस्ट्रेलियात अर्धवट तुटतात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात पुढे सापडतात. भारतात मेलेल्या पुष्कळांची नावं पुण्याला खडकीच्या युद्धस्मारकावर बघा. न्यूझीलंड आणि कॅनडाच्या फायलीही संगणकावर आहेत. ब्रिटिश शिपायांच्या बहुतेक फायली मात्र १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, तिथे धीर धरा.

दुसरं कुटुंब

डीएनए चाचणी करायची तर घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाची करा, दर पिढीला धागा निम्मा होतो. आधी त्यांना स्पष्ट सांगा की नको ती माणसं सापडू शकतात. सासऱ्यांनी तीन महिने विचार केला.

जुळणी आली की लगेच संदेश टाकू नका. कागदावर, हातानं, एक पानी पत्र लिहा. तुम्ही कोण, कुठला पूर्वज सामाईक वाटतो, तुम्हाला काही मागायचं नाही, उत्तर न दिलं तरी चालेल. एवढंच. ‘तुमच्या आजीशी लग्न झालं तेव्हा त्यांची पहिली बायको जिवंत होती’ हे पहिल्या पत्रात लिहायचं नसतं. फाइलही सोबत जोडू नका. मागितली तर द्या.

आमच्या पत्राला पाच महिन्यांनी उत्तर आलं, पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाकडच्या नातीचं. त्यांच्याकडे चालत आलेली गोष्ट अशी होती की आजोबा युद्धावरून परतले तेव्हा त्यांची बायको आणि दोन्ही मुलं १९१९ च्या फ्लूमध्ये गेली होती. तिच्याकडे म्हातारपणीचे ढीगभर फोटो होते. तरुणपणीचा एखादा आहे का, असं तिनं विचारलं.

आमच्याकडे नव्हता. मी भरतीच्या अर्जाचं दुसरं पान काढलं आणि सासऱ्यांनी ते स्वतःच्या अक्षरात तिच्यासाठी उतरवून दिलं : वय २४, उंची ५ फूट ८ इंच, रंग उन्हानं रापलेला, डोळे निळे, केस तपकिरी, डाव्या हातावर व्रण.